आधी अंग, मग हँडल, वायरी शेवटी: रोड बाइकचा पुढचा भाग कसा निवडावा

सायकलच्या ग्रुपवर अधूनमधून एक फोटो हमखास येतो. नवी कोरी रोड बाइक, समोरून टिपलेली, आणि हँडलच्या आसपास एकही वायर नाही. खाली लगेच विचारणा सुरू होते, "माझ्या सायकलला असं करता येईल का?" येईल. पैसे टाकले तर बहुतेक सगळं करता येतं. पण त्या फोटोतल्या हँडलची रुंदी आणि स्टेमची, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या आखूड दांड्याची, लांबी आपल्या अंगाला मानवणार का, हे कोणी विचारत नाही. नाही मानवली तर ती बदलायला काय काय उसकटावं लागेल, हे दुकानदारही आपण होऊन सांगत नाही.

वायरी बाहेर असलेल्या सायकलवर स्टेम १० मिमीने आखूड करायचा तर चहा उकळेपर्यंत काम होतं. समोरचे चार बोल्ट, मागचे दोन, वरचं झाकण, बस्स. तेच काम सगळ्या वायरी आणि नळ्या हँडल, स्टेम आणि हेडसेटमधून (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगच्या जोडीतून) नेलेल्या सायकलवर करायचं म्हटलं तर बऱ्याचदा हायड्रॉलिक, म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या, नळ्या सोडवा, नवीन जोड बसवा, तेल भरा, हवा काढा, आणि वर हँडलवर गुंडाळायची नवीन बार टेप, असा अर्धा दिवस जातो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी अंगाला काय लागतं ते ठरवा, त्यावरून हँडल, त्यावरून स्टेम, आणि हे सगळं दोन-तीन महिने चालवून पटलं की मगच वायरी कुठून न्यायच्या ते बघा. बहुतेक जण हा क्रम नेमका उलटा लावतात.

आत्ता काय आहे ते लिहून काढा

मोजपट्टी, ओळंबा, ४ आणि ५ मिमीची अॅलन की आणि एक वही एवढं पुरे. सायकल भिंतीला टेकवून सपाट फरशीवर उभी करा. सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, सीटच्या टोकापासून हूडच्या (ब्रेक लिव्हरवरच्या, हात टेकायच्या रबरी भागाच्या) खोबणीपर्यंतचं अंतर, फरशीपासून सीटची उंची आणि फरशीपासून हँडलची उंची, हे चार आकडे लिहा. स्टेमची लांबी आणि कोन सहसा स्टेमवरच छापलेले असतात. त्याच्या खाली किती मिमीचे स्पेसर, म्हणजे उंची वाढवायच्या रिंगा, आहेत तेही लिहा. फोनवर एक फोटो काढून ठेवा, अगदी बाजूने, हँडलच्या उंचीवरून. नवीन काही बसवल्यावर "आधी बरं होतं" असं वाटलं तर परत जायला हीच वाट.

ओळंबा सीटसाठी. पॅडल तीन वाजण्याच्या स्थितीत ठेवून पुढच्या गुडघ्यावरून दोरी सोडायची आणि ती पॅडलच्या दांड्याच्या आसपास पडते का ते बघायचं. हा काही शास्त्रशुद्ध नियम नाही, पण सुरुवातीला बरा. मुद्दा असा की सीट पायांवरून ठरते, हातांवरून नाही. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ओढणारे खूप भेटतात. त्याने अंतर कमी होतं खरं, पण अंगाचा भार आणखी पुढे, म्हणजे तळहातांवरच येतो. ज्या दुखण्यासाठी सीट हलवली तेच वाढतं. तेव्हा सीट आधी पक्की करा आणि तिला विसरून जा.

कुठे दुखतं त्यावरून काय चुकतंय

करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेची नस दाबली जातेय. हँडल फार खाली किंवा फार दूर असेल, नाहीतर हूड अशा कोनात असेल की मनगट वाकडं पडतं. मानेचा मागचा भाग आणि खांद्यांमधला पट्टा दुखत असेल तर हँडल खाली आहे. हात आपोआप हूडच्या मागे, वाकणाच्या अलीकडे सरकत असतील तर पोहोच लांब आहे. उलट, हात हूडच्या शिंगावर जाऊन बसत असतील आणि छाती कोंडल्यासारखी वाटत असेल तर पोहोच आखूड. आणि ड्रॉपमध्ये, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागात, तुम्ही कधी जातच नसाल, अगदी खंबाटकी उतरतानासुद्धा, तर एक तर ड्रॉप फार खोल आहे किंवा तिथून ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोहोचत नाहीत.

आता पैसे खर्च करण्याआधी फुकटातले उपाय. हे सगळे एकदम करू नका. एक बदल करा, दोन-तीन राइड करा, मग पुढचा.

लिव्हर जवळ आणायचा स्क्रू बहुतेक नव्या रोड शिफ्टरवर (ब्रेक आणि गिअरच्या एकत्र लिव्हरवर) असतो, हूडच्या रबराखाली किंवा लिव्हरच्या पुढच्या बाजूला. ड्रॉपमध्ये बोटं न पोहोचणाऱ्यांचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

हँडल स्टेममध्ये थोडं फिरवा. वरच्या सरळ भागातून हूडकडे जाणारी रेघ जवळपास आडवी किंवा अगदी किंचित उतरती हवी. हूड खाली झुकलेले असतील तर हात सतत पुढे घसरतात.

स्पेसर हलवा. बहुतेक रोड बाइकच्या हेडट्यूबचा (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीचा) कोन ७३ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे तिच्यातून वर येणारी फोर्कची नळी, स्टिअरर, मागे कललेला असतो. त्यामुळे हँडल १० मिमी वर घेतलं की ते सुमारे ३ मिमी जवळही येतं.

आणि स्टेम उलटा करा. ६ अंशांचा १०० मिमी स्टेम खाली तोंड करून असेल आणि तो वर तोंड करून बसवला तर ७३ अंशांच्या हेडट्यूबवर हँडल सुमारे २० मिमी वर येतं आणि ६ मिमी जवळ येतं. पाच मिनिटांचं काम. दिसायला ते 'प्रो' दिसत नाही, हे खरं. पण व्यावसायिक रेसर रोज तासन् तास सराव करतो आणि त्याला मालिश करायला माणूस असतो. आपल्याला सोमवारी ऑफिसला जायचं असतं.

रुंदी

जुना नियम सोपा आहे. दोन्ही खांद्यांच्या टोकाला जे टणक हाड लागतं, त्या दोन हाडांमधलं अंतर घरच्या कोणाकडून मोजून घ्या. ३९ सेमी आलं तर ४० सेमीचं हँडल, ४१ आलं तर ४२ चं. दुकानात सहसा ३८, ४०, ४२ आणि ४४ मिळतात.

गफलत होते ती मोजण्याच्या पद्धतीत. काही कंपन्या नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. ड्रॉप हँडलची नळी साधारण २४ मिमी जाडीची असल्यामुळे दोन मापांत तेवढाच फरक पडतो. म्हणजे बाहेरून मोजलेलं ४४ हे खरं मध्यापासून मोजलेलं जवळपास ४२. ऑनलाइन घेताना आकृतीत बाण कुठे लावलेत ते बघा. शिवाय काही हँडलांचं ड्रॉप बाहेर पसरलेलं असतं, त्यामुळे हूडपाशी ४० आणि खाली टोकाला ४४ असू शकतं. हात जास्त वेळ हूडवर असतात, म्हणून हूडपाशीचं माप धरा.

गेल्या काही वर्षांत अरुंद हँडलची लाट आली. हात आत आले की समोरून अडणारी हवा कमी होते, हे खरंच आहे. रेसर इतके अरुंद होत गेले की यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेला २०२६ पासून सामूहिक रोड रेससाठी बाहेरून-बाहेर किमान ४०० मिमी रुंदीची अट घालावी लागली. तुम्ही रेस करत नसाल तर एक माप खाली येऊन बघायला हरकत नाही, पण दोन मापं एकदम नको. कात्रजच्या चढावर उभं राहून पॅडल मारताना, किंवा खड्डा चुकवताना, अरुंद हँडलवर जोर लावायला पकड कमी पडते. सातारा रस्त्यावरून येणाऱ्या ट्रकच्या झोतात तर हे चांगलंच कळतं.

रीच आणि ड्रॉप: इथे खरा फायदा आहे

हँडलच्या मापांपैकी हे दोन आकडे लोक सगळ्यात कमी बघतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बघावेत असे हेच. रीच म्हणजे वरच्या सरळ नळीपासून वाकण किती पुढे जातं. ड्रॉप म्हणजे तिथून खालची नळी किती खाली आहे. आजकालच्या कॉम्पॅक्ट हँडलांमध्ये रीच ७० ते ८० मिमी आणि ड्रॉप १२० ते १३० मिमी असतो. जुन्या गोल वाकणाच्या हँडलांमध्ये रीच ८५-९० च्या पुढे आणि ड्रॉप १४० च्या वर सहज जातो.

हातांपर्यंतचं एकूण अंतर म्हणजे स्टेम अधिक रीच. समजा सध्या १०० चा स्टेम आणि ९० चा रीच आहे. नुसतं ७० रीचचं हँडल टाकलं तर हूड २० मिमी जवळ आले, स्टेम तोच राहिला, सायकलचं वळणं बदललं नाही. तेच २० मिमी स्टेम कापून मिळवले असते तर हँडल जरा चुळबुळं झालं असतं. शिवाय ड्रॉप १४५ वरून १२५ वर आला तर जो खालचा भाग नुसता शोभेला होता तो वापरात येतो. वाऱ्याविरुद्ध ड्रॉपमध्ये तासभर बसता येणं हे कुठल्याही महागड्या चाकापेक्षा स्वस्तात मिळणारं सुख आहे.

वरची नळी गोल घ्यायची की चपटी? चपट्या एरो नळीवर तळहात छान टेकतो. पण तिच्यावर दिव्याचा गोल क्लॅम्प बसत नाही, फोनचा नाही, घंटीचा नाही. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. ३०० किमीला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४० तास अशी मुदत असते. म्हणजे एक तरी रात्र रस्त्यावर जाणारच, आणि दोन दिवे, नेव्हिगेशन, कधी पुढची पिशवी, सगळ्यांना जागा लागते. अशांना साधी गोल नळी बरी. कार्बन की अॅल्युमिनियम, यावर मी वाद घालत नाही: पहिलं हँडल अॅल्युमिनियमचंच घ्या. माप चुकलं तर विकायला-बदलायला सोपं, आणि वजनातला फरक साधारण एका समोशाएवढा.

स्टेम: लांबी, कोन आणि बसतंय का

हँडल ठरलं की राहिलेलं अंतर स्टेमने भरून काढायचं. रोड बाइकवर ८० ते १२० मिमी ही सर्वसाधारण पट्टी. एका वेळी १० मिमीच बदला, तेवढासुद्धा फरक पहिल्या वळणावर जाणवतो. ७० किंवा त्याहून आखूड स्टेम लागत असेल तर फ्रेमच मोठी आहे असं समजा, आणि १३० लागत असेल तर लहान. स्टेमने फ्रेमची चूक झाकता येते, दुरुस्त होत नाही.

कोनांमध्ये ६, ७ आणि १७ अंश नेहमी दिसतात. खाली तोंड केलेला १७ अंशांचा स्टेम ७३ च्या हेडट्यूबवर जमिनीला बरोबर समांतर दिसतो. फोटोत देखणा. पण त्याच लांबीच्या, खाली तोंड केलेल्या ६ अंशांच्या स्टेमपेक्षा तो हँडल जवळपास १९ मिमी खाली नेतो, हे विकत घेण्याआधी लक्षात असू द्या.

आता मापं जुळण्याचा भाग. स्टेमच्या पुढच्या तोंडाचं माप आजच्या बहुतेक रोड बाइकवर ३१.८ मिमी असतं. जुन्या सायकलींवर २६ किंवा २५.४. व्हर्निअर नसेल तर सुतळी वापरा: हँडलच्या मधल्या जाड भागाभोवती सुतळी एकदा गुंडाळून खूण करा आणि मोजा. १०० मिमीच्या जवळ आली तर ३१.८. ८० किंवा ८२ आली तर २५.४ किंवा २६, आणि त्या दोघांत फरक इतका कमी आहे की तिथे सुतळीवर भरवसा ठेवू नका, व्हर्निअर मागून आणा. स्टेमच्या मागच्या बाजूला बहुतेकदा २८.६ मिमीचा, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा स्टिअरर असतो. काही जायंट आणि कॅन्यन सायकलींवर तो वरच्या टोकाला सव्वा इंचाचा असतो, तिथे साधा स्टेम बसत नाही. तोंड मोठं असेल तर मधे घालायची तयार रिंग मिळते. पत्र्याचा तुकडा कापून घालणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा.

एक उपप्रश्न वारंवार येतो: हायब्रिडला, म्हणजे सरळ हँडलच्या सायकलला, ड्रॉप हँडल लावता येईल का? माझं उत्तर, नका करू. सरळ हँडलच्या नळीची जाडी २२.२ मिमी, ड्रॉपची २३.८, त्यामुळे जुने ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर त्यावर चढत नाहीत. व्ही-ब्रेकला जितकी तार ओढावी लागते तितकी साधा रोड लिव्हर ओढत नाही. आणि सरळ हँडलसाठी बनवलेली फ्रेम मुळातच लांब असते, तिच्यावर ड्रॉपचे ७०-८० मिमी आणखी वाढले की तुम्ही सायकलवर पालथे पडता. शिफ्टर, ब्रेक, हँडल, टेप, मजुरी धरली तर तेवढ्यात जुनी पण चांगली रोड बाइक मिळू शकते.

स्टिअरर कापण्याबद्दल. माझ्या पहिल्या चांगल्या सायकलचा स्टिअरर दुकानात मला न विचारताच कापला गेला, "सर, असंच छान दिसतं" म्हणून. दोन वर्षांनी पाठ कुरकुरायला लागली तेव्हा वर स्पेसर घालायला जागाच नव्हती. शेवटी वर तोंड केलेला १७ अंशांचा स्टेम लावून वेळ भागवली. कापलेला स्टिअरर वाढत नाही. म्हणून सुरुवातीला काही महिने जास्तीचे स्पेसर स्टेमच्या वर ठेवून चालवा, कोणी हसलं तर हसू द्या. फक्त कार्बन स्टिअरर असेल तर स्टेमखाली किती स्पेसर चालतात ते कंपनीच्या पुस्तिकेत बघा, तिथे मर्यादा असते, आणि ती पाळायचीच.

वायरींचे मार्ग

ढोबळमानाने चार प्रकार आहेत.

पहिला, गिअरच्या वायरी शिफ्टरच्या बाजूने बाहेर पडून समोर कमानीसारख्या जातात. गिअर-ब्रेक बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या जुन्या क्लॅरिसवर किंवा टुर्नीच्या साध्या शिफ्टरवर असतं तसं. दिसायला जुनाट, पण वाकणं मोठी आणि सैल, त्यामुळे गिअर हलके पडतात आणि वायर बदलायला टेप सोडावी लागत नाही. पुढची पिशवी लावायची असेल तर मात्र अडचण.

दुसरा, ब्रेक आणि गिअर दोन्ही टेपच्या खालून हँडलला चिकटून जातात, स्टेमजवळ बाहेर येतात आणि तिथून फ्रेममध्ये शिरतात. कॅम्पॅग्नोलो कंपनीने हे १९९२ च्या एर्गोपॉवर शिफ्टरपासूनच केलं होतं, शिमानोने २००८ च्या ड्युरा-एस ७९०० पासून, आणि पुढे ते स्वस्तातल्या सोरा-क्लॅरिसपर्यंत उतरलं.

तिसरा, वायरी हँडलच्या आतून किंवा स्टेमच्या पोटाखालून जातात आणि हेडसेटच्या वरच्या झाकणातून आत शिरतात. स्टेम आणि हँडल वेगळे असतात, म्हणून माप बदलण्याची सोय थोडी तरी राहते.

चौथा, सगळंच आत. हँडल आणि स्टेम बऱ्याचदा एकाच तुकड्यात.

मेकॅनिकल गिअर असतील, म्हणजे खरोखरची तार ओढली जात असेल, तर माझी शिफारस डोळे झाकून दुसरी. तारेला प्रत्येक वाकणात घर्षण होतं, आणि वाकण जितकं आवळ तितकं जास्त. तिसऱ्या-चौथ्या मार्गात हँडलमधून निघून स्टेमखालून हेडसेटमध्ये शिरेपर्यंत एकापाठोपाठ आवळ वळणं येतात. नवीन असताना चालतं. पहिल्या पावसाळ्यानंतर मागचा गिअर वर चढतो पण खाली यायला कुरकुरतो, आणि मग माणूस डिरेलरला (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला) दोष देत बसतो.

इलेक्ट्रॉनिक गिअरने हे चित्र बदललं. स्रॅम कंपनीची बिनतारी ईटॅप गिअर यंत्रणा २०१५ साली आली, आणि शिमानोच्या २०२१ नंतरच्या बारा स्पीड डीआय२ मध्येही शिफ्टरपासून वायर नेणं सक्तीचं राहिलं नाही. मग आतून जायला उरतात फक्त दोन हायड्रॉलिक नळ्या, आणि त्यांना वाकणाचं एवढं वावडं नाही. म्हणजे सगळं आत घ्यायचंच असेल तर ते बिनतारी गिअर आणि हायड्रॉलिक ब्रेकबरोबर घ्या. मेकॅनिकल गिअरवर नुसत्या दिसण्यासाठी कशाला?

तरी एक गोष्ट उरतेच, हेडसेटचं वरचं बेअरिंग. अशा सायकलीत नळ्या त्या बेअरिंगच्या पोटातून खाली जातात. बेअरिंग अखंड कडं असतं. ते बदलायचं तर नळी एका टोकाला सोडवावीच लागते, म्हणजे पुन्हा तेल आणि हवा काढणं. आपल्याकडे पाऊस चार महिने, कोकणात वर खारी हवा, आणि उरलेले महिने ट्रेनरवर (सायकल घरात जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) बसून गाळलेला घाम नेमका त्याच झाकणावर ठिबकतो. साध्या हेडसेटचं बेअरिंग मी पावसाळ्यानंतर घरीच काढून पुसतो, ग्रीस भरतो, परत बसवतो. आतल्या वायरींच्या सायकलवर हे कोणी हौसेने करत नाही, म्हणून ते गंजेपर्यंत तसंच राहतं.

जुनी सायकल घेताना हेच प्रश्न विचारा. स्टेम कंपनीचा खास आहे का? दुसऱ्या लांबीत मिळतो का? स्टिअरर कुठे कापलाय? आणि विमानाने न्यायची असेल तर हँडल पेटीसाठी वळवता येतं का? एकाही प्रश्नाला "बघू" असं उत्तर आलं तर किंमत पाडून मागा.

प्रत्यक्ष बसवताना

जुने हूड जिथे होते तिथे चिकटपट्टीची खूण करून ठेवा. हँडल स्टेममध्ये ठेवा, समोरचे चार बोल्ट हाताने लावा आणि मग फुलीच्या आकारात थोडे थोडे आवळा. वर आणि खाली फट सारखी राहिली पाहिजे. काही स्टेममध्ये मात्र वरचे बोल्ट आधी पूर्ण बंद करायचे असतात, तसं स्टेमवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. बोल्टच्या आट्यांना ग्रीसचा पातळ हात. कार्बनला मात्र ग्रीस नाही, त्याची खरखरीत पेस्ट वेगळी मिळते. स्टेमवर छापलेला टॉर्कचा आकडा, बहुतेकदा ४ ते ६ न्यूटन मीटर, हाच अंतिम शब्द. कार्बन हँडल किंवा कार्बन स्टिअरर असेल तर टॉर्कचा पाना विकत घ्या, अंदाजाने आवळू नका.

मागचे दोन बोल्ट आवळण्याआधी वरचं झाकण. झाकणाचा बोल्ट स्टेम धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगमधला ढिलेपणा काढतो. स्टिअररचं टोक स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या कडेपेक्षा २-३ मिमी खाली असायला हवं, नाहीतर झाकण आवळलं तरी काही दाबलं जात नाही. कार्बन स्टिअरर असेल तर स्टेमच्या वर ५ मिमीचा एक स्पेसर ठेवा, म्हणजे स्टेमची पूर्ण पकड नळीवर बसते. झाकण हलकं आवळा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, खटखट येत नसेल तर थांबा. मग स्टेम सरळ करून मागचे बोल्ट. पुढचं चाक उचललं की हँडल आपल्या वजनाने वळायला हवं. आतून नळ्या गेल्या असतील तर ही परीक्षा चालत नाही, नळ्याच हँडलला धरून ठेवतात.

दोन्ही हूड सारख्या उंचीवर आहेत का हे बघायला त्यांच्यावर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि मागे उभं राहून ती हँडलशी समांतर दिसते का पाहा.

आता वायरी. ब्रेकचं आउटर, म्हणजे तारेवरचं आवरण, ५ मिमीचं आणि आत स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. गिअरचं ४ मिमीचं, आत उभ्या तारा. गिअरचं आउटर ब्रेकला कधीही लावू नका, जोरात ब्रेक मारल्यावर ते फाटू शकतं. इनर तारही वेगळी: ब्रेकची १.५ ते १.६ मिमी, गिअरची १.१ ते १.२, आणि रोड ब्रेकच्या तारेचं डोकं नासपतीसारखं निमुळतं, एमटीबीचं (माउंटन बाइकचं) आडवं गोल. दुकानात नुसतं "ब्रेक वायर द्या" म्हटलं की एमटीबीचीच हातात पडते.

लांबी ठरवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. वायर ताणली जाऊ नये, आणि सरळ असताना चाकाला किंवा गुडघ्याला लागेल इतकी लोंबूही नये. हा भाग घाईत उरकला तर काय होतं ते मला ताम्हिणीत कळलं. आवळ वळणावर हँडल फिरवलं आणि पुढचा ब्रेक आपोआप घासायला लागला. आउटर दोन बोटं आखूड पडलं होतं. कापायला केबल कटरच हवा, पकडीने टोक चेपतं. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, आतलं प्लास्टिक दाभणाने उघडा, टोपी लावा.

पुढचा ब्रेक कुठल्या हाताला? आपल्याकडे मोटरसायकलची सवय असल्याने बहुतेकांचा उजव्या हाताला. बाहेरून आणलेल्या किंवा परदेशी राहणाऱ्या मित्राने दिलेल्या सायकलवर तो डावीकडे असू शकतो. घाटात अचानक दाबल्यावर हे कळायला नको, म्हणून पहिल्या दिवशीच तपासा. हायड्रॉलिक नळ्या अदलाबदल करायच्या असतील तर कापलेल्या प्रत्येक टोकाला नवीन कडं आणि पिन लागते, जुनं परत वापरत नाहीत. शिमानोला मिनरल ऑइल आणि स्रॅमच्या रोड ब्रेकला डॉट प्रकारचं तेल, यांची सरमिसळ केली की सील फुगून बाद होतात.

टेप सगळ्यात शेवटी. वायरी हँडलला तीन-चार ठिकाणी इन्सुलेशन टेपने बांधा आणि त्याच अवस्थेत दोन-तीन राइड करा. हूड ५ मिमी वर हवेत की आत वळवायचे हे तेव्हाच कळतं. मग खालच्या टोकापासून वर गुंडाळत जा आणि टोकाला बूच नक्की लावा. उघडी नळी पडल्यावर अंगात घुसते.

पहिल्या ५०-१०० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा. वर्षातून एकदा टेप पूर्ण काढा आणि गिअरची इनर तार बदला. टेपखालून वायर नेणाऱ्या शिफ्टरमध्ये ती आतल्या डोक्यापाशी पिंजते, बाहेरून काही दिसत नाही, आणि तुटलेलं डोकं शिफ्टरमध्ये अडकलं तर ते काढायला संध्याकाळ जाते. टेप काढलेलीच आहे तर हूडखाली आणि वाकणापाशी अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी किंवा खड्डे दिसतात का तेही बघा. ट्रेनरवर घाम गाळणाऱ्यांच्या हँडलवर ती हमखास सापडते. नखाने खरवडून खड्डा लागला तर हँडल भंगारात, कोणाला विकू नका.